विष्णुपंत छत्रे : उचललेली कला आणि कमावलेली कला



समाजाच्या संकेतस्थळासाठी एका थोर व्यक्तीची ओळख लिहून द्या, असे चिटणीसांनी सांगितले. सगळी नोकरी बँकेत गेली, तेव्हा मी एखाद्या अर्थतज्ज्ञावर लिहीन असे त्यांना वाटले असावे. मी मात्र सर्कसवाले विष्णुपंत छत्रे निवडले. त्यामागे एक जुनी गोष्ट आहे, ती शेवटी सांगतो.

विष्णुपंत मोरेश्वर छत्रे यांचा जन्म १८४० साली आजच्या सांगली जिल्ह्यातील अंकलखोप येथे झाला. अभ्यासात मन रमेना. नाद दोनच, गाणे आणि घोडे. दोन्ही विद्या एकाच ठिकाणी मिळाव्यात म्हणून त्यांनी थेट ग्वाल्हेर गाठले. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज पोटापाण्यासाठी या मुलखात आले, विष्णुपंत शिकण्यासाठी आले. म्हणून त्यांच्यावर आपलाही थोडा हक्क आहे असे मला वाटते.

ग्वाल्हेरला बाबासाहेब आपटे घोड्यांचे मोठे जाणकार होते. जनावर न मारता, न भेदरवता कसे शिकवावे, हे विष्णुपंत त्यांच्याकडे शिकले. गाण्यासाठी त्यांनी हद्दूखाँ यांचे पाय धरले. हद्दूखाँ म्हणजे ग्वाल्हेर घराण्याचा आधारस्तंभ. त्यांच्याविषयी गवयांमध्ये एक कथा सांगतात. बडे महंमदखाँ या गवयाची तानबाजी अद्भुत होती आणि ते ती बाहेरच्या कोणाला देत नसत. तेव्हा हद्दूखाँ आणि त्यांचे भाऊ हस्सूखाँ यांना दरबारात पडद्याआड बसवले गेले. महिनोन्‌महिने ऐकून दोघांनी ती गायकी गळ्यावर चढवली आणि एके दिवशी खाँसाहेबांसमोरच गाऊन दाखवली. बडे महंमदखाँ फार दुखावले. पुढे अशीच एक अवघड तान घेताना हस्सूखाँ प्राणास मुकले, असेही सांगतात. कथा म्हणून तिची जी किंमत करायची ती करावी. पण विद्या चोरून घेतली तर तिचे मोल कुठेतरी चुकवावे लागते, असे जुन्या कलावंतांना वाटत असे, एवढे त्यातून नक्की दिसते. विष्णुपंत अशा घरी शिकले, पण पडद्याआडून नव्हे, समोर बसून.

शिक्षण पुरे करून ते दक्षिणेत परतले आणि कुरुंदवाडच्या पटवर्धन संस्थानिकांकडे चाबुकस्वार म्हणून राहिले. घोडे फिरवणे, नवे घोडे तयार करणे हे त्यांचे काम. गवई होण्याची हौस होती, पण पोट घोड्यांवर चालले.

१८७९ साली मुंबईत ज्युसेप्पे कियारिनी या इटालियन माणसाची सर्कस आली. या सर्कशीने जगातले कितीतरी देश पालथे घातले होते. कुरुंदवाडकरांबरोबर विष्णुपंतांनी तिचा खेळ पाहिला. तेव्हाची कथा अशी, की हिंदुस्थानात अशी सर्कस व्हायला अजून पुष्कळ वर्षे लागतील, असे कियारिनीने म्हटले आणि सहा महिन्यांत आपल्यासारखे घोड्यांचे खेळ करून दाखवील त्याला हजार रुपये देण्याची पैजही लावली. विष्णुपंतांनी ती उचलली आणि मुदतीच्या आत घोडे तयार केले. पैजेचे पैसे मिळाले की नाही, याविषयी सांगणाऱ्यागणिक गोष्ट बदलते. पण १८८० च्या मार्चमध्ये छत्र्यांची ग्रेट इंडियन सर्कस उभी राहिली. हिंदी माणसाने काढलेली ही पहिली आधुनिक सर्कस. कियारिनीचे बरेच सामान विष्णुपंतांनी विकत घेतले, असेही सर्कशीच्या इतिहासात सांगितले जाते.

आता प्रश्न असा, की ही नक्कल झाली का? रिंगण तेच, घोड्यांचे खेळ तेच, तंबूची रचना तीच. आजच्या भाषेत कोणी याला कॉपी म्हणेल.

थोडे मागे जाऊन पाहू. आधुनिक सर्कस सुरू केली लंडनच्या फिलिप अ‍ॅस्टलीने, १७६८ साली. घोडेस्वार गोल धावत्या घोड्यावर तोल सांभाळून उभा राहू शकतो, हे ओळखून त्याने रिंगण आखले. पुढे ४२ फूट व्यासाचे रिंगण सगळीकडे रूढ झाले. रिंगणाचे माप एकच असले की घोडा कोणत्याही गावी बिचकत नाही. अ‍ॅस्टलीकडे काम केलेल्या चार्ल्स ह्यूजने १७८२ मध्ये त्याच्याच शहरात रॉयल सर्कस काढली आणि सर्कस हे नाव त्यामुळे रुजले. म्हणजे कियारिनीने आणलेले रिंगणही मुळात त्याचे नव्हते. कोणतीही कला अशीच हातातून हातात जाते.

तरी सगळे सारखेच, असे मी म्हणणार नाही. घोड्याचा खेळ हजारो लोकांसमोर उघड्यावर होतो. तो नुसता पाहून येत नाही. घोडा स्वतः शिकवावा लागतो, पडून उठावे लागते. विष्णुपंतांनी ग्वाल्हेरला आणि कुरुंदवाडला घालवलेली वर्षे त्या खेळामागे होती. ज्या वस्तूला किंमत होती ती त्यांनी किंमत देऊन घेतली. आणि स्वतःचा खेळ उघडपणे स्वतःच्या नावावर लावला. ज्या गोष्टी उधार घेतल्या, त्या उधारीच्या खाती लिहिल्या, असे मी बँकेच्या भाषेत म्हणेन.

त्यांच्यावर हीच वेळ उलटून आली तेव्हा ते कसे वागले, हेही पाहण्यासारखे आहे. १८८७ च्या सुमारास सर्कस केरळात तलश्शेरीला गेली. तिथे कीलेरी कुञ्ञिकण्णन नावाचे कसरतीचे शिक्षक होते. दोघांचा स्नेह जमला आणि सर्कशीसाठी माणसे तयार करण्याचे काम त्यांनी पत्करले. १९०१ मध्ये कुञ्ञिकण्णन यांनी सर्कशीची शाळा काढली. १९०४ मध्ये त्यांच्याच शिष्याने ग्रँड मलबार सर्कस सुरू केली. सांगली-म्हैसाळच्या परिसरातून देवल, कार्लेकर अशा सर्कशी निघाल्या. हे सगळे एका अर्थाने छत्र्यांचे स्पर्धकच. पण विद्या आपल्या तंबूत कोंडून ठेवावी, असे विष्णुपंतांनी केलेले दिसत नाही.

सर्वांत मोठी परतफेड मात्र गाण्याच्या खात्यात झाली. हद्दूखाँचे चिरंजीव रहिमतखाँ हे असामान्य गवई. पण अफूचे व्यसन आणि मनाची विकल अवस्था यांमुळे ते काशीला रस्त्यावर गात फिरत होते. विष्णुपंतांना ते तिथे सापडले. त्यांनी गुरुपुत्राला बरोबर घेतले, खाण्यापिण्याची, औषधपाण्याची सोय केली आणि सर्कशीबरोबर गावोगावी त्यांचे गाणे लोकांना ऐकवले. भूगंधर्व म्हणून रहिमतखाँची कीर्ती झाली ती त्यानंतर. १९०५ मध्ये विष्णुपंत वारले. त्यांचे बंधू काशिनाथपंत यांनी सर्कस आणि खाँसाहेब दोघांनाही सांभाळले. १९२२ मध्ये रहिमतखाँचे निधन झाले, तेही कुरुंदवाडलाच. गुरूकडून घेतलेल्या विद्येची अशी फेड फार थोड्यांनी केली असेल.

आता ती जुनी गोष्ट. मी बहादरपूरला वाढलो. दिवसभर मागांची खडखड आणि वर्षातून एकदा गणपतीत करमणूक. शाळेत असताना एक वर्ष एक जादूगार आले. त्यांचा मुलगा पेटीत बसे, पेटीत आरपार तलवारी खुपसत आणि मुलगा हसत बाहेर येई. आम्ही तिघा मित्रांनी रात्री मंडपामागे जाऊन पेटी उघडली, सुतळीने मापे घेतली आणि ओळखीच्या सुताराकडून तशीच पेटी करून घेतली. पुढच्या गणपतीत आमचाच खेळ झाला. वर एक पेटी शेजारच्या गावच्या मंडळाला विकलीही. खर्च नव्वद रुपये, विक्री दीडशे. हिशेब मीच लिहिला होता आणि त्याचा मला अभिमान वाटत होता.

त्या वर्षी ते जादूगार नेहमीप्रमाणे विचारायला आले. मंडळाने सांगितले, यंदा गरज नाही. ते मागे उभे राहून आमचा खेळ पाहत होते. एक शब्द बोलले नाहीत. मुलाचा हात धरून बसस्टँडकडे गेले.

घोड्याचा खेळ कोणी शिकला तर मूळ घोडेस्वाराचा घोडा त्याच्याजवळच राहतो. जादूच्या पेटीचे तसे नाही. तिचे सगळे भांडवल गुपितात असते. आम्ही दहा मिनिटांत त्यांचे भांडवल काढून घेतले आणि वर त्यावर नफाही कमावला. कायद्याने आम्हाला कोणी पकडले नसते. पण विष्णुपंतांच्या खात्याशेजारी माझे खाते ठेवले की माझ्याकडे फक्त येणे दिसते, देणे एकही नाही.

म्हणून एक नम्र सूचना. यंदाच्या गणेशोत्सवात आपली मुले जादू, नृत्य, नकला करतील. हल्ली मोबाईलवर सगळे दिसते, शिकताही येते. शिकू द्या. पण खेळ सुरू होण्याआधी तो कोणाकडून घेतला, हे मुलांनी मंचावरून सांगावे. आणि एखाद्या कलावंताचे सामान हवे असेल तर ते त्याच्याकडूनच, पैसे देऊन घ्यावे. त्यासाठी वर्गणीत थोडी भर लागली तर माझे नाव पहिले लिहा.