नांगर विकणारे मास्तर

मागच्या सुट्टीत मी पंधरा दिवस सांगवीत फायबर ब्रॉडबँडची कनेक्शनं विकली. म्हणजे, विकायचा प्रयत्न केला! गळ्यात ओळखपत्र, हातात पॅम्फ्लेटं आणि जुन्या सांगवीपासून नवी सांगवीपर्यंतचे जिने. पहिले नऊ दिवस एकही कनेक्शन गेलं नाही. होस्टेलवर मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. मेकॅनिकलचा मुलगा दारोदार हिंडतो, हे सांगायची लाज वाटायची. त्याच दिवसांत लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या आयुष्याबद्दल वाचलं आणि ती लाज हळूहळू कमी झाली.

किर्लोस्कर हे नाव आपल्याला पंपावरून आणि डिझेल इंजिनावरून ठाऊक. सांगवीहून दापोडीमार्गे खडकीला गेलं, की 1946 साली सुरू झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची आठवण होतेच. पण या सगळ्याच्या मुळाशी एक असा माणूस होता, ज्याचा माल सुरुवातीला कुणी घेतच नव्हतं.

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. शाळेत मन रमेना. हात चालायचा तो चित्रात आणि यंत्रात. वडिलांच्या मनाविरुद्ध, पण थोरले बंधू रामूअण्णांच्या आधाराने ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथे कळलं, की आपल्याला काही रंग नीट ओळखू येत नाहीत. चित्रकाराच्या दृष्टीने खेळ खलास! पण लक्ष्मणरावांनी रंग सोडले आणि रेषा धरली. यांत्रिक ड्रॉइंग शिकले आणि व्हीजेटीआयमध्ये तेच शिकवू लागले. उरलेला वेळ वर्कशॉपमध्ये जायचा. आपण सबमिशनच्या आदल्या रात्री जी शीट रडत पुरी करतो, ती या माणसाची भाकरी होती.

नोकरी चालू असतानाच भावाबरोबर बेळगावात सायकलींचा धंदा सुरू झाला. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे, रामूअण्णा तिकडे विकायचे. त्या काळी सायकल म्हणजे नवलाईची आणि भलतीच महाग वस्तू. घेणाऱ्याला ती चालवता कुठे येत होती? म्हणून किर्लोस्कर बंधू सायकल विकायचे आणि 15 रुपये घेऊन शिकवायचेही. नवी वस्तू विकायची, तर गिऱ्हाइकाला आधी शिकवावं लागतं, हे त्यांना तिथेच उमगलं असावं.

पुढे व्हीजेटीआयमध्ये बढतीची वेळ आली, तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला दिली गेली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं. तिथे छोट्या कारखान्यात कडबा कापायचं यंत्र तयार केलं आणि मग लोखंडी नांगर.

आता खरी परीक्षा सुरू झाली. नांगर चांगला होता, पण खपेना. लोखंडामुळे जमिनीत विष उतरतं आणि ती नापीक होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. सुमारे दोन वर्षं नांगर पडून राहिले. आपण यावर हसून मोकळे होऊ. पण जरा शेतकऱ्याच्या बाजूने बघा. मास्तरांचा नांगर फसला, तर मास्तरांचं लोखंड वाया जाणार, त्याचं मात्र पूर्ण वर्ष बुडणार. समजूत चुकीची होती, शंका चुकीची नव्हती. तिचं उत्तर शेतातच मिळणार होतं आणि ते मिळेपर्यंत थांबायची तयारी लक्ष्मणरावांची होती. हळूहळू शेतकरी वळले, आणि त्याच नांगराने किर्लोस्करांचं नाव घरोघरी पोचवलं.

पण स्थिरावतात न स्थिरावतात तोच बेळगावची जागा नगरपालिकेच्या विस्तारात गेली. तेव्हा औंधच्या राजांनी हात दिला. (आपल्या नदीपलीकडचं औंध नव्हे, साताऱ्याकडचं!) बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळ 32 एकर जमीन आणि दहा हजारांचं कर्ज दिलं. जमीन कसली, निवडुंग आणि सापांचं रान! 1910 साली मोजके सोबती घेऊन लक्ष्मणरावांनी तिथे किर्लोस्करवाडी वसवली. अस्पृश्यता तिथे चालू दिली नाही. शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर राखणीचं काम सोपवलं. शेतकऱ्याने लोखंडावर विश्वास ठेवावा म्हणणारा माणूस स्वतःही विश्वास ठेवायला कचरत नव्हता.

1920 साली किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड झाली. त्याच वर्षी मालाची माहिती लोकांपर्यंत पोचावी म्हणून 'किर्लोस्कर खबर' निघालं. पुतणे शंकरराव त्याचे संपादक. त्यातूनच पुढे 'किर्लोस्कर' हे नावाजलेलं मासिक उभं राहिलं. 26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणराव गेले. 1969 मध्ये, जन्मशताब्दीला, त्यांच्यावर टपाल तिकीट निघालं.

आता माझा दहावा दिवस. नवी सांगवीतल्या एका आजींनी दारातच विचारलं, की लाईट गेली तर हा फोन चालेल का? असल्या प्रश्नाला बगल द्यायची, असं आम्हाला शिकवलं होतं. पण मला दोन वर्षं पडून राहिलेले नांगर आठवले. मी खरं ते सांगितलं. जुन्या तांब्याच्या तारेच्या फोनला वीज एक्स्चेंजकडून यायची, म्हणून तो अंधारातही वाजायचा. फायबरमधून उजेडाच्या रूपात डेटा येतो, वीज येत नाही. घरातला बॉक्स इन्व्हर्टरवर जोडला नसेल, तर लाईटबरोबर फोनही बंद. आजी एकट्या राहायच्या, घरात इन्व्हर्टर नव्हता. त्यांनी कनेक्शन घेतलं नाही. मात्र पाणी दिलं, आणि वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाला हाक मारून मुलगा खरं बोलतोय असं सांगितलं. माझं पहिलं कनेक्शन तिथे गेलं. पंधरा दिवसांत एकूण तीन!

तीन म्हणजे काहीच नाही, ठाऊक आहे. पण व्हायवाला उत्तर येत नसलं, की आपण सर्रास गोलगोल बोलतो. दारातल्या माणसापुढे तसं बोलायचं नाही, हे मी मास्तरांकडून शिकलो. आणि हो, आता होस्टेलवर सगळ्यांना सांगून टाकलंय. पुढच्या सुट्टीत कुणी येणार का बरोबर?