सुगरणीचा अभ्यासक आणि भरतपूरच्या म्हशी

आमच्या घरी तीन म्हशी आहेत आणि मी पक्ष्यांची वही ठेवतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असे डॉ. सलीम अलींचे चरित्र वाचेपर्यंत मला कधी वाटले नव्हते. कलाशाखेच्या विद्यार्थ्याने पक्षिशास्त्रात नाक का खुपसावे, असे कोणी विचारील. पण ज्यांच्याविषयी लिहितो आहे त्यांनाही रीतसर पदवी नसल्यामुळे पक्षितज्ज्ञाची सरकारी जागा मिळू शकली नव्हती!

त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईचा. नऊ भावंडांत ते धाकटे. आईवडील अगदी लहानपणीच गेले आणि मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी सांभाळ केला. छर्‍याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, आणि ही कोणती चिमणी हे विचारायला तो मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दारात गेला. ही कथा सर्वांना ठाऊक आहे. मला तीत महत्त्वाचे वाटते ते एवढेच, की अंदाज करून तो गप्प बसला नाही.

पुढे ब्रह्मदेशात धंदा करून पाहिला, तो साधला नाही. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात नोकरी लागली, तीही रजा घेऊन बर्लिनला प्रा. स्ट्रेसमान यांच्याकडे शिकून १९३० मध्ये परत येईपर्यंत पैशाअभावी रद्द झाली होती. बेकार अवस्थेत ते पत्नी तेहमिना यांच्यासह अलिबागजवळच्या किहीमला येऊन राहिले. घराजवळच्या झाडावर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. शिडीवर आडोसा बांधून ते त्यात तासन्‌तास बसत आणि कोणता नर कोणते घरटे केव्हा विणतो, कोणती मादी केव्हा येते, याची टिपणे घेत.

आपल्याकडे खोप्याचे सारे श्रेय सुगरणीला, म्हणजे बाईला! प्रत्यक्षात विणणारा नर असतो. तो घरटे अर्धवट विणून थांबतो. मादी येते, आत शिरून पाहते, पसंत पडले तर राहते, आणि मगच नर ते पुरे करतो. ती अंड्यांवर बसली की हा गृहस्थ दुसरे घरटे विणायला घेतो, दुसर्‍या मादीसाठी. हे आधी कोणी नीट पाहिलेच नव्हते. बेकारीतल्या त्या टिपणांनी सलीम अलींचे नाव झाले.

नंतरचे कार्य प्रसिद्धच आहे. हैदराबाद, त्रावणकोर अशा संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी त्यांनी केली. १९३९ मध्ये तेहमिनांचा मृत्यू झाला आणि घर असे उरलेच नाही. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे गाजलेले पुस्तक आले, आणि डिलन रिप्ले यांच्यासह केलेला दहा खंडांचा ग्रंथ १९७४ पर्यंत पुरा झाला.

मला थांबायचे आहे ते राजस्थानातील भरतपूरला. तिथले केवलादेव घना हे सुमारे २९ चौरस किलोमीटरचे पाणथळ राजेलोकांनी बांध घालून, कालव्याने पाणी आणून शिकारीसाठी तयार केले होते. व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत १९३८ साली एका दिवसात चार हजारांवर पक्षी पडले. स्वातंत्र्यानंतर ही जमीन शेतीला देण्याची मागणी झाली, तेव्हा सलीम अलींनी पंडित नेहरूंपर्यंत जाऊन ती वाचविली. सोसायटीच्या लोकांनी तिथे हजारो पक्ष्यांच्या पायांत कडी घालून स्थलांतराचा अभ्यास केला.

या पाणथळात आसपासच्या गावांच्या म्हशी पिढ्यान्‌पिढ्या चरत आल्या होत्या. गुरांमुळे पक्ष्यांचे नुकसान होते, तेव्हा चराई बंद करावी, असे पुष्कळ तज्ज्ञांचे मत होते. सलीम अलींचेही तेच होते. ते मोजून आलेले मत नव्हते. राष्ट्रीय उद्यान म्हणजे जिथे गुरे नाहीत, माणसे नाहीत, ही त्या काळाची समजूत होती, आणि सलीम अलींच्या शब्दाला वजन होते. नोव्हेंबर १९८२ मध्ये चराईबंदी लागू झाली. गावकर्‍यांनी विरोध केला आणि पोलिसांच्या गोळीबारात काही गावकरी प्राणास मुकले.

हे वाचले त्या दिवशी मी पुस्तक मिटून ठेवले. गोठ्यात म्हशी हंबरत होत्या.

पुढचा भाग मात्र वाचलाच पाहिजे. सोसायटीने १९८० पासूनच तिथे दहा वर्षांचा अभ्यास चालविला होता, डॉ. विजयन त्याचे प्रमुख होते. पाणी, गवत, मासे, पक्षी, सारे वर्षानुवर्षे मोजले जात होते. योगायोगाने बंदीपूर्वीचे आणि बंदीनंतरचे, दोन्ही आकडे हाती आले. निष्कर्ष अपेक्षेच्या उलटा निघाला. म्हशी पाण्यात उतरून जे पासपॅलम गवत खात होत्या, ते आता मोकाट वाढून पाण्यावर पसरले. उघडे पाणी आटोपले, मासे घटले आणि बदकांना उतरायला जागा उरेना. ते गवत आवरायचा उत्तम उपाय म्हशीच, असे बंदीला पाठिंबा देणार्‍या संस्थेच्याच अभ्यासकांनी लिहून दिले. अंतिम अहवाल १९९१ चा. सलीम अली २० जून १९८७ रोजी मुंबईत निवर्तले होते.

किहीमला शिडीवर बसणार्‍या माणसाने म्हशींच्या बाबतीत तेवढी वाट का पाहिली नसेल, हा प्रश्न मला सोडत नाही. पक्ष्यांवरचे प्रेम आड आले असेल. पण ज्या मोजणीने त्यांचे मत खोटे ठरविले, ती त्यांच्याच संस्थेने, ते हयात असताना सुरू केली होती, हेही मी विसरू शकत नाही. दोन्ही गोष्टी खर्‍या आहेत आणि एकीने दुसरी पुसली जात नाही.

आजोबांना हे सारे सांगितले. सुगरणीचे ऐकून ते हसले. म्हशींचे ऐकून त्यांनी विचारले, की मग अहवाल आल्यावर म्हशी परत सोडल्या का? नाही, राष्ट्रीय उद्यानात चराईला कायद्याने मनाई आहे. गावकर्‍यांना गवत कापून नेऊ देऊ लागले, असे मी म्हणालो. आजोबा थोडा वेळ बोलले नाहीत. मग विळा उचलून गवत आणायला बांधाकडे गेले.