ब्लेझ पास्कल व भूमितीची सिद्धता

परीक्षा जवळ आली म्हणजे कविता पाठ करावी तशीं भूमितीचीं प्रमेयें पाठ करणारे विद्यार्थी सर्वत्र आढळतात. परीक्षकानें आकृतीवरील अक्षरें बदललीं कीं त्यांची लेखणी अडते, आणि हा रुक्ष विषय आपल्या नशिबीं नाहीं असा ते समज करून घेतात. अशा विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें, ज्यास भूमितीचा विचारही करण्याची मनाई होती अशा एका मुलाचें चरित्र ठेवावें, असें आम्हांस वाटतें.

ब्लेझ पास्कल याचा जन्म फ्रान्स देशांतील क्लेर्मों या गांवीं ता. १९ जून १६२३ रोजीं झाला. त्याचे वडील एत्येन हे करविषयक न्यायालयांत अधिकारी असून गणिताचे चांगले जाणकार होते. ब्लेझ तीन वर्षांचा असतां त्याची आई वारली. १६३१ सालीं वडील तिन्ही मुलांस घेऊन पॅरिस येथें राहावयास गेले. मुलास त्यांनीं शाळेंत न घालतां घरींच शिकविलें. गणिताची गोडी लागली तर भाषांकडे त्याचें दुर्लक्ष होईल, या विचारानें तो पंधरा-सोळा वर्षांचा होईपर्यंत त्यास गणित शिकवूं नये असें त्यांनीं ठरविलें, व त्या विषयाचीं पुस्तकें दृष्टीआड ठेविलीं.

बाराव्या वर्षीं मुलानें विचारलें कीं, भूमिती म्हणजे काय. बिनचूक आकृति काढण्याची व त्यांतील परस्पर प्रमाण शोधण्याची ती विद्या आहे, एवढेंच सांगून वडिलांनीं तो विषय मनांत आणण्याचीही बंदी केली. मुलास तेवढें पुरेसें झालें. खेळाच्या वेळीं एकांतांत बसून तो कोळशानें जमिनीवर आकृति काढूं लागला. वर्तुळ, रेषा हीं नांवेंही त्यास ठाऊक नव्हतीं. एकास तो गोल म्हणे, दुसरीस दांडी. एके दिवशीं वडील नकळत खोलींत आले, तेव्हां युक्लिडच्या पहिल्या पुस्तकांतील बत्तिसावें प्रमेय, म्हणजे त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज दोन काटकोन असते हें, तो शोधीत होता. हें कसें सुचलें, असें विचारतां त्यानें त्यामागील पायरी सांगितली, मग तिच्याही मागील सांगितली, आणि असें मागें जातां जातां तो स्वतः ठरविलेल्या व्याख्यांपर्यंत पोंचला. वडील कांहीं न बोलतां एका स्नेह्याकडे गेले. त्यांच्या डोळ्यांतील अश्रु पाहून स्नेह्यास काळजी वाटली. परंतु ते अश्रु आनंदाचे होते. त्यानंतर मुलास युक्लिडचा ग्रंथ मिळाला, व तो त्यानें कोणाच्या मदतीवांचून वाचून काढला.

ही हकीकत त्याची वडील बहीण जिल्बेर्त हिनें लिहून ठेविली आहे. त्यानें युक्लिड चोरून वाचला होता, असेंही एका समकालीन लेखकानें लिहिलें आहे. कोणतीही हकीकत खरी मानली तरी त्यास शिकविणारा कोणी नव्हता, हें दोहींत सारखेंच आहे.

तेंच प्रमेय आपण युक्लिडच्या रीतीनें पाहूं. अबक हा त्रिकोण घ्या. बक ही बाजू ड पर्यंत वाढवा, व क मधून बअ या बाजूस समांतर अशी कइ रेषा काढा. अकइ हा कोन बअक या कोनाबरोबर आहे, कारण ते व्युत्क्रम कोन. इकड हा अबक या कोनाबरोबर आहे, कारण ते संगत कोन. दूर दूर असलेले तिन्ही कोन क बिंदूपाशीं एका सरळ रेषेवर येऊन बसले, म्हणजे दोन काटकोन झाले. त्यांस एकत्र आणण्यासाठींच समांतर रेषा काढली, हें ज्यास उमगलें त्यास पुढील पायऱ्या आपोआप सुचतात.

सोळा वर्षांचा असतां, १६४० सालीं, पास्कलनें शंकुच्छेदांवर निबंध छापला. वडिलांचे हिशेबाचे श्रम हलके व्हावे म्हणून १६४२ सालीं त्यानें गणकयंत्र बनविण्यास आरंभ केला. १६४८ सालीं त्याच्या सूचनेवरून त्याच्या मेहुण्यानें प्वी-द-दोम पर्वतावर पाऱ्याची नळी नेली. शिखरावर पारा तीन इंचांहून अधिक उतरला, व हवेस भार आहे या मतास बळकटी आली. संदिग्ध शब्दाची व्याख्या करावी, उघड सत्य तेवढेंच गृहीत धरावें, बाकी सर्व सिद्ध करावें, असे सिद्धतेचे नियमही त्यानें लिहून ठेविले.

ता. २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्रीं त्यास ईश्वराचा उत्कट अनुभव आला. त्याचें टिपण त्यानें अंगरख्यांत शिवून ठेविलें होतें. तें मृत्यूनंतर सांपडलें. शेवटच्या आजारांत, त्यानें घरीं आश्रय दिलेल्या एका गरीब कुटुंबांतील मुलास देवी आल्या. तेव्हां त्या मुलास न हलवितां तो स्वतःच बहिणीच्या घरीं गेला. तेथेंच ता. १९ ऑगस्ट १६६२ रोजीं, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षीं, त्याचा अंत झाला.

पास्कलची बुद्धि सर्वांस लाभत नाहीं, परंतु त्याची रीत सर्वांस साध्य आहे. पुस्तक मिटावें, अक्षरें बदलून आकृति काढावी, आणि प्रत्येक पायरीस हें कशावरून, असें स्वतःस विचारीत मागें जावें. आणि पालकांस आमची विनंती अशी कीं, मुलगा आकृति काढीत बसला असेल तर त्यास पाठांतरास बसवूं नये. त्याच्याजवळ बसून, हें तुला कसें सुचलें, एवढेंच विचारावें.