मंजूर भार

बँकेत असताना एका बेकरीवाल्याचे कर्जप्रकरण मी मोठ्या हौसेने मंजूर केले होते. लाकडाची भट्टी काढून विजेचा मोठा ओव्हन बसवायचा होता. मी कोटेशन पाहिले, जामीनदार पाहिले, हप्ते ठरवले. ओव्हन आला, जुनी भट्टी पाडून झाली आणि मग कळले, की ओव्हन तीस किलोवॅटचा, थ्री-फेजवर चालणारा. दुकानातला वीजजोड मात्र साधा सिंगल फेज. हप्ते सुरू आणि पाव बंद! चूक माझीच होती. ओव्हनची किंमत मी पाहिली, त्याची भूक विचारली नाही.

एका वृद्ध वायरमनने कॅलेंडरच्या पाठीवर मला हिशेब मांडून दाखवला. तीस किलोवॅटचा भार २४० व्होल्टच्या एकाच फेजवर टाकला, तर १२५ अँपिअर प्रवाह लागेल. तोच तीन फेजांत सारखा वाटला, तर प्रत्येकावर दहा किलोवॅट, म्हणजे साधारण ४२ अँपिअर. ओव्हन तासन् तास चालणार, म्हणून वर चौथाई धरायची, झाले ५२. तेव्हा ब्रेकर ६३ चा आणि केबल त्याला पेलेल अशी. शिवाय वीजमंडळाकडे भार मागताना पीठ मळायचे यंत्र, दिवे, पंखे हेही त्यात मिळवायचे.

ही तीन फेजांची युक्ती कुणाची, या कुतूहलातून मी निकोला टेस्लापाशी पोहोचलो. १८५६ साली आजच्या क्रोएशियातील स्मिल्यान गावी एका सर्बियन धर्मगुरूच्या घरी हा मुलगा जन्मला. १८८२ मध्ये बुडापेस्टच्या एका उद्यानात फिरताना त्याला सुचले, की एकामागून एक येणाऱ्या प्रवाहांच्या लाटा गुंडाळ्यांत सोडल्या, तर चुंबकीय क्षेत्र आपोआप गरगर फिरेल आणि त्यामागे मोटारही फिरेल. १८८४ मध्ये तो न्यूयॉर्कला गेला, काही काळ एडिसनकडे राबला. १८८८ मध्ये त्याची पेटंटे वेस्टिंगहाउस यांनी घेतली. १८९६ मध्ये नायगाराची वीज बफेलो शहरात पोहोचली, ती त्याच्याच पद्धतीने. तेथील जनित्रांत फेज दोन होते. तीन फेजांची व्यवस्था व्यवहारात आणली ती डोलिव्हो-डोब्रोव्होल्स्की या अभियंत्याने. १८९१ मध्ये जर्मनीत लाउफेनहून फ्रँकफर्टपर्यंत १७५ किलोमीटर वीज नेऊन दाखवली.

पुढचे चरित्र वाचताना मात्र माझ्यातला बँकवाला अस्वस्थ झाला. १९०१ मध्ये मॉर्गन या धनाढ्य सावकाराने टेस्लाला बिनतारी संदेशांच्या मनोऱ्यासाठी दीड लाख डॉलर दिले. लाँग आयलंडवर काम सुरू झाले आणि बेत वाढत गेला. संदेशच नव्हे, वीजसुद्धा तारेविना जगभर पाठवायची! पैसे संपले. मॉर्गनने पुन्हा हात सैल केला नाही. ती जागा पुढे हॉटेलच्या थकलेल्या बिलापोटी गेली आणि १९१७ मध्ये मनोरा पाडला गेला. ७ जानेवारी १९४३ रोजी न्यूयॉर्कच्या एका हॉटेलातील खोलीत टेस्ला एकटाच वारला.

ज्याच्या कल्पनेवर जगाच्या मोटारी फिरतात, त्याने आपल्या स्वप्नाचा भार मोजून घेतला नाही. मला त्याच्यावर हसू आले नाही. मीही तेच केले होते, आणि ते दुसऱ्याच्या घरादारावर.

बेकरीवाल्याला मी वाढीव कर्ज मंजूर करून दिले. नवा जोड, केबल, स्विच सारे त्यात बसवले. जोड मिळेपर्यंतचे हप्ते पुढे ढकलले. ओव्हन सुरू झाला त्या पहाटे त्याने माझ्या घरी गरम पावांची लादी पाठवली. तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत यंत्राचे कोणतेही प्रकरण समोर आले, की किमतीआधी मी एकच विचारी : भार किती आणि तो येणार कुठून?