पुस्तके कुलपाबाहेर काढणारे महाराज

दहिवली : राज्यातील शाळांत २०१५ पासून १५ ऑक्टोबर रोजी वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. एरवी कपाटात राहणारी पुस्तके त्या दिवशी टेबलावर मांडली जातात. अनेक ठिकाणी दुसऱ्याच दिवशी ती पुन्हा कुलपात जातात. पुस्तक वाचकाच्या नजरेसमोर असावे, हे शंभर वर्षांपूर्वी राज्याचे धोरण म्हणून राबविणारे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांचे स्मरण या निमित्ताने व्हायला हवे.

सयाजीरावांचा जन्म १८६३ मध्ये नाशिक जिल्ह्यातील कवळाणे येथे शेतकरी कुटुंबात झाला. मूळ नाव गोपाळराव. १८७५ मध्ये महाराणी जमनाबाईंनी त्यांना दत्तक घेतले, तेव्हा बारा वर्षांच्या या मुलाला लिहिता-वाचता येत नव्हते. एलियट या शिक्षकाच्या हाताखाली ते शिकले आणि १८८१ मध्ये त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. अमरेली भागात १८९३ मध्ये सुरू केलेले सक्तीचे प्राथमिक शिक्षण त्यांनी १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात लागू केले.

मात्र शाळा सुटली की शिकलेले विसरते, हे त्यांनी ओळखले होते. अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालये पाहून आल्यावर त्यांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणले. राजवाड्यातील सुमारे २० हजार ग्रंथ मध्यवर्ती ग्रंथालयास दिले. तेथे वाचकाने स्वतः फळीपाशी जाऊन पुस्तक निवडावे, अशी खुली पद्धत सुरू झाली. मुलांच्या स्वतंत्र दालनात पुस्तकांशेजारी चित्रे आणि खेळही असत. खेळायला आलेले मूल पुस्तकाकडे वळावे, ही त्यामागची युक्ती आजही जुनी वाटत नाही.

खेड्यांसाठी लाकडी पेट्यांतून फिरती ग्रंथालये निघाली. काही पेट्यांतील संच ठरलेले असत, काही वाचकांच्या मागणीप्रमाणे भरले जात. ने-आणीचा खर्च सरकार सोसत असे. ज्या गावाला स्वतःचे ग्रंथालय हवे, त्याने वर्गणी जमवावी आणि सरकारने व स्थानिक मंडळाने तितकीच भर घालावी, असा नियम होता. ग्रंथालयांच्या कामात अनेक ठिकाणी शाळेचे मास्तर पुढे असत. निरक्षरांसाठी जादूच्या कंदिलावर चित्रे दाखविली जात.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत सयाजीरावांचे निधन झाले. पुस्तक हरवले तर भरपाई कोणी करायची, या धास्तीने शाळेतील कपाट बंद ठेवण्याची सवय मात्र अजून गेलेली नाही. दहिवलीसारख्या गावात याला मोठा खर्च लागत नाही. जूनमध्ये उल्हास नदी भरून वाहू लागली की नदी, पाऊस, भातशेती आणि बेडकांवरची दहा पुस्तके एका बाकावर, मुखपृष्ठ दिसेल अशी मांडता येतील आणि पंधरवड्याने विषय बदलता येईल. पुस्तकांची नोंद ठेवण्याचे काम सातवीच्या मुलांकडेही सोपविता येईल.