हशमत जंग

फेब्रुवारीत आपल्या परभणीत तुराबुल हक साहेबांचा उरूस भरतो. लहानपणी आजोबांचे बोट धरून मी तिथे जात असे. दर्ग्यापाशी आलो की आजोबा चपला काढत, खिशातला रुमाल माझ्या डोक्यावर टाकत आणि स्वतःची टोपी सारखी करत. असे का, हे मी कधी विचारले नाही. ज्याच्या दारात जायचे त्याची रीत पाळायची, एवढे त्या वयातही कळत होते.

यंदा दिवाळीनंतर माझी ताई मस्कतला गेली. भाऊजी तिथे नोकरीला आहेत. ती जाण्यापूर्वी पंधरा दिवस आमच्या घरात तिच्या कपड्यांखेरीज दुसरा विषय नव्हता. आईने बिनबाह्यांचे सगळे बाजूला काढले आणि ओढण्या मोजून ठेवल्या. काकांना ते पटेना. आपण आपला पोशाख का सोडावा, असा त्यांचा सवाल. आजीने वाद ऐकून घेतला आणि मुकाट्याने माळ्यावरची जुनी ट्रंक काढायला लावली. तिच्यात माझ्या पणजोबांची काळी शेरवानी होती. पणजोबा निजामाच्या अमदानीत कचेरीत कारकून होते. घरी धोतर, कचेरीत शेरवानी. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर त्यांनी ती ट्रंकेत ठेवली ती कायमची. ती त्यांना आवडत होती की नाही, हे आजीलाही सांगता आले नाही.

परक्याचा पोशाख आपण होऊन अंगावर घेणारा माणूस कसा असेल, हा विचार तेव्हापासून माझ्या डोक्यात घोळू लागला. इतिहासाच्या सरांनी एक नाव सुचवले आणि ते निघाले आपल्याच जुन्या हैदराबाद राज्यातले: जेम्स अकिलिस कर्कपॅट्रिक.

हा इंग्रज १७६४ साली मद्रासेत जन्मला. शिक्षण विलायतेत झाले आणि कोवळ्या वयातच तो कंपनीच्या फौजेत दाखल झाला. त्याचा सावत्र भाऊ विल्यम हैदराबादेत रेसिडेंट, म्हणजे निजामाच्या दरबारी कंपनीचा वकील होता. त्याच्या हाताखाली जेम्स आला आणि १७९८ मध्ये त्याच्या जागी बसला. काळ मोठा धामधुमीचा होता. १७९५ साली खर्ड्याला मराठ्यांनी निजामअलीचा पराभव केला होता आणि निजामाची सारी भिस्त रेमंड या फ्रेंच सरदाराच्या पलटणींवर होती. (हैदराबादेतल्या मुसारामबाग या नावात हा रेमंड अजून शिल्लक आहे.) रेमंड १७९८ च्या मार्चमध्ये वारला. कर्कपॅट्रिकने सप्टेंबरात तैनाती फौजेचा तह केला आणि ऑक्टोबरात रक्ताचा थेंब न सांडता ती फ्रेंच फौज निःशस्त्र केली. कलकत्त्याला गव्हर्नर जनरल वेलस्ली बेहद्द खूश झाला.

आणि हाच माणूस घरी हैदराबादी उमरावासारखा राहत होता! अंगात उंची, तलम वस्त्राचा मुसलमानी पोशाख, केस बारीक कापलेले, भरघोस मिशा, बोटांना मेंदी. फारसी आणि हिंदुस्थानी त्याला उत्तम येई. १८०१ साली पुण्याकडे निघालेला एक तरुण इंग्रज वाटेत त्याच्याकडे उतरला होता. त्याने हे सारे कौतुकाने आणि थोडे हसून लिहून ठेवले आहे. दरबारात हा किती अदबीने वागतो, हेही त्याच्या नजरेतून सुटले नाही. तो तरुण म्हणजे पुढे पेशवाई बुडाली तेव्हा पुण्यात असलेला आणि नंतर मुंबईचा गव्हर्नर झालेला आपला एल्फिन्स्टन.

पण मला सर्वांत बोलका वाटला तो एक बारीकसा तपशील. छावणीतले इंग्रज अधिकारी भेटीला आले किंवा मोठी मेजवानी असली, म्हणजे कर्कपॅट्रिक इंग्रजी कपडे चढवी. ते गेले की पुन्हा आपला हैदराबादी पोशाख. म्हणजे एकाला जे वेष पालटणे वाटावे, ते याला घरी परतणे होते. इंग्रजी कोट हीच त्याची कचेरीतली शेरवानी!

निजामअलीने त्याला हशमत जंग हा किताब दिला आणि मुलगा मानले. नुसत्या कपड्यांनी हे घडले नसते. भाषा, रीतभात, वडीलधाऱ्यांशी बोलण्याची पद्धत, सगळे त्याने मनापासून उचलले होते. पुढे दिवाण मीर आलमच्या नात्यातल्या खैरुन्निसा या सय्यद घराण्यातल्या मुलीशी त्याने मुसलमानी पद्धतीने निकाह लावला. त्यासाठी इस्लामचा स्वीकारही केला, असे इतिहासकार सांगतात. आता मात्र कलकत्त्याचे डोळे वटारले. वेलस्लीने चौकशी लावली. नोकरी कशीबशी वाचली.

तरी मला त्याला देव्हाऱ्यात बसवावेसे वाटत नाही. मेंदी लावलेल्या त्याच बोटांनी त्याने तहावर सही केली आणि हैदराबादचे राज्य कंपनीच्या दावणीला बांधले गेले. पुढे वेलस्लीच्या हावेचा त्याला उबग आला हे खरे, पण तह झाला होता. त्याचा पोशाख खोटा होता असे म्हणवत नाही आणि कामही खोटे नव्हते. शिवाय तो पोशाख त्याने हौसेने घातला, मनात आले असते तर उद्या उतरवला असता. माझ्या पणजोबांना ती मोकळीक कुठे होती?

गेल्या वर्षी हैदराबादला गेलो तेव्हा कोठीची रेसिडेन्सी पाहिली. १८०३ च्या सुमारास कर्कपॅट्रिकने तिचे काम सुरू केले. पुढे १९४९ साली तिथे मुलींचे कॉलेज आले. उंच खांबांची इमारत थेट विलायती आहे. खैरुन्निसा पडद्यात असल्याने तिला समोरची बाजू दिसत नसे, म्हणून मागच्या बागेत इमारतीची छोटी प्रतिकृती करून दिली, असे सांगतात.

त्यांना दोन मुले झाली. साहिब आलम १८०१ चा, साहिब बेगम १८०२ ची. १८०५ साली बापाने त्यांना शिक्षणासाठी विलायतेस धाडले. निघण्यापूर्वी मद्रासेत चिनरी या चित्रकाराने दोघांचे चित्र काढले. हैदराबादी दरबारी पोशाख, जरी, मोती, आणि मुलांचे बावरलेले चेहरे. विलायतेत पोहोचल्यावर तो पोशाख सुटला तो सुटलाच. १८०६ मध्ये बाप्तिस्मा होऊन विल्यम आणि कॅथरीन अशी नावे मिळाली. त्याआधीच, १५ ऑक्टोबर १८०५ रोजी, कर्कपॅट्रिक कलकत्त्यात आजाराने वारला होता. वय एक्केचाळीस. खैरुन्निसाही १८१३ साली, ऐन सत्ताविशीत, गेली. मुले तिला पुन्हा दिसली नाहीत.

कॅथरीन, म्हणजे किटी, मोठी झाली तेव्हा तरुण कार्लाइल तिच्यावर लुब्ध झाला होता. त्याच्या सार्टर रिसार्टस या ग्रंथातली ब्लुमीन तिच्यावरूनच बेतली, असे पुष्कळ जण मानतात. आमच्या इंग्रजीच्या मॅडमनी सांगितले की त्या लॅटिन नावाचा अर्थ शिंप्याला पुन्हा शिवणे असा काहीसा आहे आणि ग्रंथाचा विषय आहे कपडे. मला हसू आले.

चाळिशीच्या घरात असताना किटीला कळले, की आपली आजी शरफुन्निसा हैदराबादेत अजून हयात आहे. मग पत्रे सुरू झाली. आजी फारसीत लिहवून घेई, नात इंग्रजीत लिही. ताटातुटीच्या वेळचे आईचे रडणे किटी इतक्या वर्षांतही विसरली नव्हती. आजी आणि नातीची भेट मात्र झाली नाही.

परवा ताईने मस्कतहून फोटो पाठवला. लांब बाह्यांचा कुडता, डोक्यावर सैलसर ओढणी, शेजारी एक ओमानी बाई, दोघी हसताहेत. आजीने फोन हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि ती ओढणी आईने मोजून ठेवलेल्यांपैकीच आहे ना, एवढेच विचारले. शेरवानी पुन्हा ट्रंकेत गेली आहे. डांबराच्या गोळ्या नव्या घातल्या.