एका वर्षाचा करार

महात्मा गांधींच्या जीवनातील दक्षिण आफ्रिकेचे पर्व एकवीस वर्षांचे असले, तरी त्याचा प्रारंभ झाला तो अवघ्या एका वर्षाच्या नोकरीने. या पर्वाशी जैन विचारधारेचा निकटचा संबंध आहे.

१८८८ साली विलायतेस निघण्यापूर्वी तरुण मोहनदासांनी जैन साधू बेचरजी स्वामी यांच्या साक्षीने मद्य, मांस व परस्त्री यांच्या त्यागाची प्रतिज्ञा घेतली व ती निष्ठेने पाळली. १८९१ च्या जुलैमध्ये बॅरिस्टर होऊन ते मुंबईस परतले, तेव्हा डॉ. प्राणजीवन मेहता यांच्या घरी त्यांची श्रीमद् राजचंद्रजींशी भेट झाली. जवाहिऱ्याच्या व्यापारात असूनही आत्मचिंतनात मग्न असणाऱ्या, वयाने दोनच वर्षांनी मोठ्या अशा या सत्पुरुषाने मोहनदासांच्या मनाचा ठाव घेतला.

वकिलीत मात्र अपयशच वाट्यास आले. मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिल्याच दाव्यात उलटतपासणीस उभे राहताच त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. घेतलेले तीस रुपये परत करून ते बाहेर पडले. पुढे राजकोटला अर्ज लिहून देण्यावर चरितार्थ चालला, पण तेथील वातावरणाने ते उद्विग्न झाले.

अशा वेळी दादा अब्दुल्ला आणि कंपनी या पोरबंदरच्या मेमण पेढीकडून बोलावणे आले. पेढीचा चाळीस हजार पौंडांचा दावा प्रिटोरियाच्या न्यायालयात चालू होता. मोठमोठे वकील नेमलेले होतेच. मोहनदासांनी त्यांना प्रकरण समजावून देण्यास साहाय्य करावयाचे होते. मुदत एक वर्ष, मोबदला एकशे पाच पौंड, शिवाय राहण्याजेवण्याचा व जाण्यायेण्याचा खर्च. बॅरिस्टरापेक्षा पेढीच्या नोकराचेच हे काम. तरीही त्यांनी ते स्वीकारले आणि १८९३ च्या एप्रिलमध्ये मुंबई सोडली.

दरबानहून प्रिटोरियास जाताना पहिल्या वर्गाचे तिकीट असूनही पीटरमॅरिट्झबर्गला त्यांना गाडीतून उतरविण्यात आले. थंडीत कुडकुडत काढलेल्या त्या रात्री परत फिरण्याचा विचार मनात आला. परंतु स्वीकारलेले काम अर्धवट टाकणे त्यांना भ्याडपणाचे वाटले.

सारा दावा हिशेबाच्या गुंतागुंतीचा होता आणि मोहनदासांना जमाखर्चाचे ज्ञान नव्हते. त्यांनी पुस्तक आणून ती विद्या आत्मसात केली, कागदपत्रे बारकाईने तपासली. सत्य आपल्याच पक्षाकडे आहे अशी खात्री झाली, पण त्याचबरोबर वकिलांच्या खर्चात दोन्ही पक्ष धुळीस मिळतील हेही दिसून आले. प्रतिपक्षी तय्यब शेठ हे दादा अब्दुल्लांचे नातलगच होते. मोहनदासांनी दोघांनाही लवादास राजी केले. निकाल दादा अब्दुल्लांच्या बाजूने लागला. एकरकमी वसुली केली असती तर तय्यब शेठचे दिवाळे निघाले असते. म्हणून दीर्घ मुदतीच्या हप्त्यांस दादा अब्दुल्लांची संमती मिळविणे हे मोहनदासांना अधिक कठीण गेले. तेही साधले. दुभंगलेली मने जोडणे हेच वकिलाचे खरे कर्तव्य, अशी त्यांची धारणा तेथे दृढ झाली.

याच काळात प्रिटोरियातील ख्रिस्ती स्नेही त्यांना धर्मांतराचा आग्रह करीत होते. मनातील शंका त्यांनी पत्राने श्रीमद् राजचंद्रजींना कळविल्या. १८९४ साली आलेल्या उत्तरात त्यांच्या सत्तावीस प्रश्नांचे सविस्तर समाधान होते. श्रीमद्‍जींनी धीर धरण्याचा व स्वधर्माच्या सखोल अभ्यासाचा सल्ला दिला. काही ग्रंथही पाठविले. त्यांत आचार्य हरिभद्रसूरींचा 'षड्दर्शनसमुच्चय' होता. मोहनदासांचे चित्त स्थिर झाले, आणि ख्रिस्ती मित्रांविषयीचा स्नेहही कायम राहिला.

वर्ष संपले. दरबानला निरोपसमारंभ चालू असतानाच हिंदी लोकांचा मताधिकार काढून घेणाऱ्या विधेयकाचे वृत्त त्यांच्या वाचनात आले. व्यापाऱ्यांच्या आग्रहास्तव ते एक महिना थांबले. त्या महिन्याची पुढे अनेक वर्षे झाली. १९१४ साली त्यांनी ती भूमी कायमची सोडली. श्रीमद् राजचंद्रजींनी १९०१ मध्येच देह ठेवला होता. परंतु त्यांचे ऋण गांधीजींनी आपल्या आत्मकथेत कृतज्ञतेने नमूद केले आहे.